वितळलेल्या धातूची श्यानता मोजायला थेट अंतराळ स्थानक?

ओतारी:
मंडळी, धागा जरा तांत्रिक आहे, पण इथं भौतिकी आणि धातुशास्त्रवाले बरेच आहेत म्हणून धाडस करतोय.

मी शिरोलीकडच्या एका फाउंड्रीत मेथड्सचं काम बघतो. म्हणजे साच्यात रस कुठून सोडायचा, रायझर (आकुंचन भरून काढायला जादा रस पुरवणारा कोठा) कुठं आणि केवढा, ओतायचं तापमान किती, हे ठरवायचं. हल्ली एकही साचा न भरता हे सगळं आधी संगणकावर ओतून बघतात. यादीतला ग्रेड निवडला की घनता, गुप्त उष्णता, उष्णतावाहकता, श्यानता म्हणजे रसाचा दाटपणा, सगळं आपोआप भरलं जातं. परवा एका नव्या मिश्रधातूचे आकडे हातानं भरायची पाळी आली. घनता मिळाली, गुप्त उष्णता मिळाली. श्यानतेला मात्र तीन ठिकाणी तीन आकडे, आणि त्यातला मोठा आकडा लहानाच्या जवळजवळ दुप्पट. बरं, तीनही छापील.

मागोवा काढत गेलो तर कळलं, एवढ्या एका आकड्यासाठी युरोपवाल्यांनी अंतराळ स्थानकात भट्टी नेऊन बसवली आहे. तिच्यात ना मूस, ना लॅडल. मिश्रधातूची मटाराएवढी गोळी अधांतरी धरून वितळवतात म्हणे.

आता मला पडलेले प्रश्न. आम्ही रोज टनावारी रस ओततो, मग त्याचा पातळपणा जमिनीवर मोजायला अडतं कुठं? भांडंच नाही तर मोजतात तरी कशात? आणि आमच्यासारख्याच्या कामाला यातलं काय येतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. घाई नाही.

सातपुडा:
वाचतोय. वितळलेलं लोखंड काकवीसारखं दाट असतं असं मला आजवर वाटत होतं. टीव्हीवर तसंच दिसतं की.

ओतारी:
छे हो. लॅडल कलंडला की पाण्यासारखं पडतं. साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये कागदाएवढी फट राहिली तर तिच्यातूनसुद्धा पळतं. ती पत्री नंतर ग्राइंडरनं काढत बसतो आम्ही.

भौतिकीबाई:
ओतारी म्हणतात ते आकड्यांतही दिसतं. २० अंशांच्या पाण्याची श्यानता १ मिलिपास्कल-सेकंद. लोखंड १५३८ अंशांना वितळतं, त्या सुमाराला त्याची श्यानता साडेपाच-सहा. अॅल्युमिनियमची एक ते दीडच्या दरम्यान. म्हणजे लोखंड पाण्याच्या पाच-सहा पट दाट झालं. पण द्रव वाहतो कसा हे नुसत्या श्यानतेवर ठरत नाही, श्यानता भागिले घनता लागते. लोखंडाचा रस पाण्याच्या सातपट जड. भागाकार केलात तर लोखंड पाण्याहूनही थोडं सुळसुळीत निघतं. अकरावीच्या वर्गात हा भागाकार करायला लावला की पोरं पुन्हा पुन्हा तपासतात.

मोजमापाची पहिली अडचणही यातच आहे. दाट द्रवाचा विरोध सहज जाणवतो, मोजायला सोपा. इतक्या पातळ द्रवाचा विरोध मुळातच नगण्य, आणि तो दीड हजार अंशांना, पांढऱ्या तापलेल्या भांड्यात पकडायचा. पुढचं प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सांगावं.

राईनकाठी:
मी जर्मनीत याच विषयाच्या आसपास काम करते, त्यामुळे राहवत नाही. लांबेल, आधीच सांगते.

जमिनीवरची रुळलेली पद्धत अशी: धातू मुशीत घ्यायचा, मूस तारेला टांगायची, तारेला पीळ देऊन सोडायची. मूस डावी-उजवीकडे झुलत राहते, आतला द्रव भिंतींना घासतो आणि झोका हळूहळू मरतो. तो किती लवकर मरतो यावरून श्यानता काढतात. ऐकायला सोपं आहे. पण द्रव भिंतीला चिकटतो की घसरतो, वरचा पृष्ठभाग फुगीर आहे की खोलगट, वर ऑक्साइडची साय धरली आहे का, या प्रत्येक गोष्टीनं उत्तर हलतं. शिवाय झोक्यावरून श्यानता काढायचं गणितही लोकांनी वेगवेगळं वापरलं आहे. अॅल्युमिनियमसारख्या घरोघरच्या धातूच्या जुन्या मोजमापांत दुपटीहून जास्त तफावत आहे, ती यामुळेच. ओतारी, तुमचे तीन आकडे तीन वेगळ्या मुशींतले असणार.

हे झालं सभ्य धातूंचं. टायटॅनियम १६६८ अंशांना वितळतं आणि मूसच खायला लागतं. अॅल्युमिना घ्या, झिर्कोनिया घ्या, त्यातला ऑक्सिजन ते ओढून घेतं. मोजमाप संपेपर्यंत मुशीत जे असतं ते सुरुवातीचं टायटॅनियम राहिलेलं नसतं. झिर्कोनियमची तीच कथा.

मग मूसच नको, असा विचार आला. तांब्याच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारितेचा प्रवाह सोडायचा. गोळीत भोवरे-प्रवाह तयार होतात, ते तिला उचलतात आणि तापवतातही. तुमच्या इंडक्शन भट्टीचंच तत्त्व, फक्त भट्टीचं अस्तर काढून टाकलेलं. जमिनीवरच्या प्रयोगशाळांत हे सर्रास चालतं. घनता मोजा, पृष्ठताण मोजा, छान जमतं. श्यानता नाही जमत. कारण गोळीचं अख्खं वजन पेलायला क्षेत्र जबरदस्त लागतं, आणि तेच क्षेत्र आतला द्रव घुसळत असतं. थेंबाचा आकार बिघडलेला, आत नुसती खळबळ. थेंबाची हालचाल त्या खळबळीनं विरते की श्यानतेनं, हे वेगळं काढता येत नाही. वर आणखी एक पंचाईत: उचलायचं तर तापवावंच लागतं. थंड करायचं म्हटलं तर हेलियमचे झोत मारावे लागतात.

अंतराळ स्थानकात थेंबाला पेलायचं नसतं, जागेवरून भरकटू द्यायचं नसतं, एवढंच. त्याला शेकडो पटींनी हलकं क्षेत्र पुरतं. सगळा खटाटोप त्या हलक्या हातासाठी आहे.

शंकासुर:
एक मूलभूत शंका. स्थानक ४०० किलोमीटरवर. तिथं गुरुत्व जमिनीच्या ९० टक्के उरतंच. मग 'शून्य गुरुत्व' कसलं? शाळेत आम्हाला हेच शिकवून फसवलं.

भौतिकीबाई:
फसवलं नाही, अर्धवट सांगितलं असेल. गुरुत्व आहेच, नाहीतर स्थानक फिरलंच नसतं. स्थानक, भट्टी, गोळी, अंतराळवीर सगळे एकाच वेगानं एकत्र पडत असतात, म्हणून गोळी भट्टीच्या सापेक्ष पडत नाही. उरतो तो स्थानकातल्या हालचालींचा आणि विरळ हवेच्या ओढीचा बारीकसा धक्का. 'सूक्ष्म गुरुत्व' म्हणायचं ते त्यामुळे. या धाग्यापुरतं एवढं बास, नाहीतर गाडी न्यूटनवर जाईल.

ओतारी:
राईनकाठी, नादखुळा प्रतिसाद. अस्तर काढलेली भट्टी हे डोक्यात पक्कं बसलं. पण मोजमाप कसं? टांगायला मूस नाही, बुडवायला दांडा नाही. अधांतरी थेंबाचा दाटपणा नुसतं बघून कळतो?

राईनकाठी:
हो, नुसतं बघूनच.

वेटोळ्यात दोन निराळ्या वारंवारितांचे प्रवाह असतात. एक थेंबाला जागेवर धरतो, दुसरा तापवतो. तापवणारा प्रवाह थेंबाला मधोमध आवळतोही. आधी गोळी वितळवून द्रवणांकाच्या बरीच वर न्यायची. मग तापवणारा प्रवाह बंद. थेंब निवायला लागतो, आतली ढवळ शांत होते. आता तापवणाऱ्या प्रवाहाचा क्षणभराचा ठोका द्यायचा. थेंब चिमटल्यासारखा लांबट होतो आणि सोडल्यावर लांबट-चपटा, लांबट-चपटा असा हेलकावत राहतो. वेगवान कॅमेरा त्याची कड टिपतो. प्रत्येक चित्रात कडेला लंबवर्तुळ बसवायचं आणि त्याची त्रिज्या काळासमोर मांडायची. कागदावर मरत जाणारी लाट उमटते.

ती लाट सेकंदाला किती वेळा वरखाली होते यावरून पृष्ठताण मिळतो. रॅले या भौतिकशास्त्रज्ञानं १८७९ मध्ये काढलेलं सूत्र आहे ते. लाट किती लवकर मरते यावरून श्यानता. हे होरेस लॅम या गणितज्ञाचं गणित, तेही एकोणिसाव्या शतकातलंच. दोघांनाही अंतराळयानाची कल्पना नव्हती; सूत्र मात्र गोल, मोकळ्या, आतून शांत थेंबाचं आहे आणि तसा थेंब जमिनीवर कुणाला मिळतच नव्हता.

प्रत्यक्षात एक गोम असते. लाट मरत असताना थेंब निवतही असतो. म्हणजे सुरुवातीचा हेलकावा एका तापमानाचा, शेवटचा दुसऱ्याच. म्हणून लाटेचे छोटे छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला पायरोमीटरनं (दुरून तापमान मोजणाऱ्या यंत्रानं) सांगितलेलं तापमान चिकटवतात. एका निवण्यात असे दोन-तीन ठोके दिले की द्रवणांकाच्या वरपासून थेट खालपर्यंत श्यानतेची ओळ मिळते. हो, खालपर्यंत. मुशीची भिंत नाही, म्हणजे स्फटिक धरायला खरबरीत जागा नाही. त्यामुळे धातू द्रवणांकाच्या शेकडो अंश खाली जाऊनही द्रव राहतो. तिथली श्यानता मुशीत कधीच मोजता येत नाही. मुशीतला धातू त्याआधीच गोठून मोकळा झालेला असतो.

ठोका किती मोठा द्यायचा यावरही वाद आहेत. जोरात दिला तर लाट छान दिसते, पण हेलकावा मोठा असला की लॅमचं सूत्र तंतोतंत लागू पडत नाही.

अपूर्णांक:
सूत्रं मिळाली की हात शिवशिवतात. हेलकाव्याच्या कोनीय वारंवारितेचा वर्ग = ८ × पृष्ठताण ÷ (घनता × त्रिज्येचा घन). विरण्याचा काळ = घनता × त्रिज्येचा वर्ग ÷ (५ × श्यानता).

लोखंडाची साडेसहा मिलिमीटर व्यासाची गोळी घेतली. घनता ७००० किलो प्रति घनमीटर, पृष्ठताण १.८५ न्यूटन प्रति मीटर, श्यानता साडेपाच मिलिपास्कल-सेकंद. उत्तर: सेकंदाला साधारण ४० हेलकावे आणि विरण्याचा काळ २.७ सेकंद. म्हणजे लाट पुरती मरायच्या आत शंभरावर हेलकावे बघायला मिळतात. मजा आहे.

तीच गोळी २ मिलिमीटरची केली तर? सेकंदाला २३० हेलकावे, आणि पाव सेकंदात लाट खलास. गोळी मोठी असण्याला एवढं महत्त्व आहे हे सूत्राकडे नुसतं बघून माझ्या लक्षात आलं नसतं.

राईनकाठी:
अपूर्णांक, तुमच्या दुसऱ्या उदाहरणाच्या आकाराच्या गोळ्या जमिनीवर खरोखर वापरतात. चुंबकीयऐवजी विद्युतस्थितिक क्षेत्रानं उचलायचं, तापवायला लेसर. उचलणं आणि तापवणं वेगळं झाल्यामुळे घुसळण जवळजवळ नाही, आणि श्यानता मिळते. नासाच्या हंट्सव्हिलच्या मार्शल केंद्रात ही सोय आहे. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ केन केल्टन आणि मंडळींनी अशाच तंत्रानं द्रव धातूंवर उत्तम काम केलंय. पण गोळी दोनतीन मिलिमीटरची, बहुतेक वेळा निर्वातात, म्हणजे पटकन बाष्प होणारा घटक असला की मिश्रधातूच बदलतो. जपाननं हीच जात स्थानकातल्या त्यांच्या किबो कक्षात नेली, २०१५ मध्ये कोनोतोरी-५ मालवाहू यानातून. त्यांचा रोख ऑक्साइडांवर आहे. अर्बियम ऑक्साइड २४१३ अंशांना वितळतं, त्याच्या द्रवाची घनता त्यांनी तिथं मोजली. ऑक्साइडातून वीज वाहत नाही, आमचं वेटोळं त्याच्यापुढे हतबल.

सातपुडा:
विमानातून डाइव्ह मारून वजनरहित करतात ना? ते स्वस्त पडेल.

राईनकाठी:
करतात. बोर्दोहून एअरबस उडते, एका उड्डाणात ३१ अन्वस्त (वर जाऊन खाली येणाऱ्या कमानी) आणि प्रत्येकात साधारण २२ सेकंद. तेवढ्यात गोळी वितळवायची, तापवायची, ठोका द्यायचा, लाट टिपायची आणि गोठवायची. विमान वर खेचलं की सगळं १.८ पट जड होतं, तेव्हा गोळी अजून द्रव असली तर ती पिंजऱ्यावर सांडते. म्हणून वायूचे झोत मारून घाईनं निववतात, आणि झोत म्हणजे पुन्हा ढवळ. टेक्सस या छोट्या संशोधन रॉकेटवर सहा मिनिटं मिळतात, पण गोळ्या एखाद-दोनच. ब्रेमेनच्या मनोऱ्यात ४.७४ सेकंदांची मुक्त घसरण मिळते. अपूर्णांकांचे २.७ सेकंद आठवा. आधीची ढवळ शांत होण्यातच निम्मा वेळ जाईल.

तक्रार नाही हं ही. विमानातच तर यंत्राची सगळी रंगीत तालीम होते.

थुंबावाला:
आपल्याकडचं सांगतो, विषय निघालाच आहे तर. आयआयटी मद्रासच्या ज्वलन संशोधन केंद्रात अडीच सेकंदांचा मनोरा आहे, मुख्यतः ज्योतींच्या अभ्यासासाठी. आणि इस्रोनं जानेवारी २००७ मध्ये पीएसएलव्ही-सी७ वरून एसआरई-१ ही कुपी सोडली होती, बारा दिवसांनी बंगालच्या उपसागरातून परत काढली. सगळ्यांना आठवते ती कुपी सुखरूप परत आल्याबद्दल. तिच्यात एक भट्टी होती हे फार कुणाला माहीत नसतं. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमचं विक्रम साराभाई केंद्र, दोघांचा धातू वितळवून स्फटिकीकरण बघण्याचा प्रयोग. श्यानतेचा नव्हे, पण गोत्र तेच. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुशास्त्र प्रयोगशाळेचाही एक प्रयोग त्याच कुपीत होता.

राईनकाठी, युरोपचा क्रम कसा लागला तेही लिहा ना. एकदम स्थानकातच नसणार गेले.

राईनकाठी:
नाही, वीस वर्षांची वाट आहे. जर्मनांच्या या यंत्राचं नाव टेम्पस. ते पहिल्यांदा जुलै १९९४ मध्ये कोलंबिया शटलमधून गेलं. मग १९९७ चा एप्रिल. कोलंबियाच पुन्हा, पण इंधन विद्युतघटानं दगा दिला आणि सोळा दिवसांची मोहीम चार दिवसांत गुंडाळली. नासानं तेच यान, तेच अंतराळवीर, तीच उपकरणं घेऊन जुलैमध्ये पुन्हा उड्डाण केलं. असं फार क्वचित झालंय. त्या फेरीत पॅलेडियम-तांबे-सिलिकॉनच्या थेंबाची श्यानता हेलकाव्यावरून मिळाली. कोलोनच्या इव्हान एग्री आणि सहकाऱ्यांनी ती १९९८ मध्ये छापली.

मला त्या मोहिमेतली दुसरी गोष्ट जास्त आवडते. पॅलेडियम-सिलिकॉनच्या एका थेंबावर बारीक कण तरंगत होते. थेंब घट्ट असताना कण नीटनेटक्या वाटांनी फिरत, मध्यरेषेजवळ जमत. तापमान वाढलं, थेंब पातळ झाला, आणि एका टप्प्यावर ती शिस्त मोडून कण सैरावैरा धावायला लागले. थेंबाच्या आत शांत प्रवाहाचा प्रक्षुब्ध प्रवाह होताना कॅमेऱ्यानं टिपला. रॉबर्ट हायर्स आणि मंडळींनी त्यावरून रेनॉल्ड्स अंकाची (प्रवाह शांत राहील की प्रक्षुब्ध होईल हे सांगणाऱ्या अंकाची) मर्यादा काढली, ६०० च्या आसपास. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाआधी हिशेब होतो की या धातूचा थेंब ठोक्याच्या वेळी त्या मर्यादेच्या खाली राहील का. अवकाशात नेलं म्हणजे खळबळ आपोआप संपली असं नाही.

सध्याची भट्टी २०१४ च्या जुलैत एटीव्ही-५ या युरोपीय मालवाहू यानातून गेली आणि जर्मन अंतराळवीर अलेक्झांडर गेर्स्टनं स्थानकाच्या कोलंबस कक्षात बसवली. एका कुपीत अठरा नमुने असतात. प्रयोग कोलोनच्या नियंत्रण कक्षातून चालवतात.

शंकासुर:
सगळं छान. पण मुद्द्याला येऊ. अठरा मटार वितळवायला केवढा हा खर्च? ओतारींच्या फाउंड्रीत आज रात्रीच्या पाळीला निघणारा माल या आकड्यावाचून अडलाय का?

जुना_मेल्टर:
शंकासुर, निम्मं बरोबर बोललात. पस्तीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस बोलतोय म्हणून ऐका.

फाउंड्रीत 'रस पातळ आहे' म्हणतात त्याचा या श्यानतेशी फार थोडा संबंध. आम्ही स्पायरल ओतायचो. वाळूत गोगलगायीसारखी वळणावळणाची नळी, तिच्यात रस किती इंच धावला ते मोजायचं. तो थांबतो कशानं? दाट झाला म्हणून नाही. पुढचं टोक गोठलं म्हणून. ओतायचं तापमान वीस-तीस अंश वाढवा, श्यानता नावापुरती बदलेल, पण रस पाच बोटं पुढं जाईल. बीडात कार्बन-सिलिकॉन नीट असेल तर रस उशिरा गोठतो, म्हणून लांब पळतो. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडची साय धरली तर ती पिशवीसारखी रसाला अडवते. कोल्ड शट आला (रसाचे दोन प्रवाह न जुळताच गोठले), मिसरन आला (साचा अपुरा भरला), की आधी तापमान बघा, मग साच्याचा ओलावा, मग गेटचं म्हणजे रस आत शिरायच्या वाटेचं क्षेत्रफळ. श्यानता सगळ्यात शेवटी.

तेव्हा ओतारी, तुमच्या साच्याचं भरणं बघायला तीनपैकी कुठलाही आकडा टाका. निकालात फार फरक पडू नये.

ओतारी:
काका, खरं सांगतो, तीनही टाकून बघितले. भरण्याच्या वेळेत फरक जवळजवळ शून्य. त्यामुळंच तर हा धागा काढला. मग हे आकडे लागतात कुणाला?

राईनकाठी:
जुना_मेल्टर यांचा प्रतिसाद मी आमच्या गटातल्या मुलांना भाषांतर करून वाचून दाखवणार आहे. आमच्याकडचे अर्ज 'ओतकामासाठी अत्यावश्यक' या वाक्यानं सुरू होतात, आणि साध्या बीडासाठी ते वाक्य ताणलेलंच आहे.

लागतात कुठे ते सांगते. साचा भरून झाल्यावर, धातू अर्धवट गोठलेला असतो तेव्हा. फांदीफांदीच्या स्फटिकांमधून उरलेला रस आकुंचनाची पोकळी भरायला झिरपत असतो. तिथे वाटा केसाएवढ्या, वेग अगदी कमी. झिरपणं श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात. ओतारी, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये भरण्याच्या वेळेऐवजी सूक्ष्म सच्छिद्रतेचा नकाशा उघडा आणि तेच तीन आकडे टाकून बघा. स्टीलमधल्या मळीचे बारीक कण वर तरंगून यायला किती वेळ घेतात, हाही श्यानतेचाच हिशेब.

मग विमानाची पाती. बोइंग ७८७ ला बसणाऱ्या जीईएनएक्स इंजिनात मागच्या टप्प्यांतली पाती टायटॅनियम-अॅल्युमिनाइडची आहेत, निकेलच्या पात्यांपेक्षा वजन जवळपास निम्मं. हा रस मूस खातो, म्हणून त्याला फार तापवून ठेवता येत नाही. द्रवणांकाच्या जेमतेम वर असताना पातळ कडेच्या साच्यात घालायचा. इथे चूक झाली तर पातं भंगारात. युरोपनं २००४ पासून इम्प्रेस नावाचा मोठा प्रकल्प याच जातीच्या मिश्रधातूंसाठी चालवला, त्यात टेम्पसवाल्यांची मोजमापंही होती.

आणि तिसरा गट म्हणजे धातूची काच. अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठाच्या पेकर आणि जॉन्सन यांनी १९९३ मध्ये झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबं, निकेल, बेरिलियम असं पाच घटकांचं मिश्रण केलं. ते सेकंदाला जेमतेम एक अंश अशा संथ गतीनं निवलं तरी स्फटिक न होता काचेसारखं गोठतं. अशा मिश्रणांत श्यानता हाच कथानायक. द्रवणांकालाच ते साध्या धातूंच्या शेकडो ते हजार पट दाट असतं, अणूंना रांगेत उभं राहायला वेळच मिळत नाही. कुठलं मिश्रण काच होईल हे श्यानता तापमानासोबत किती झपाट्यानं वाढते यावरून जोखतात.

अपूर्णांक:
थांबा. श्यानता २ पास्कल-सेकंद धरली तर तुमच्याच सूत्रानं विरण्याचा काळ सहा-सात मिलिसेकंद येतो, आणि एका हेलकाव्यालाच २५ च्या आसपास लागतात. मग लाट कसली दिसणार?

राईनकाठी:
नाही दिसत. थेंब चिमटला की हेलकावे न घेता मुकाट्यानं परत गोल होतो. मग तो गोल व्हायला किती वेळ लागला यावरून श्यानता काढतात, सूत्र वेगळं. त्याहून दाट झालं की ही पद्धत सोडून द्यायची. मधला तापमानाचा एक पट्टा कुठल्याच पद्धतीच्या हाती लागत नाही, कारण तिथे बहुतेक मिश्रणं बघता बघता स्फटिक होतात.

भौतिकीबाई:
मला वाटतं एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतंय. त्याच लाटेतून पृष्ठताण फुकट मिळतो, आणि वर्कशॉपच्या दृष्टीनं तोच जास्त कामाचा नाही का? लोखंडात गंधकाचा अंश दशलक्षात काही दहांनी बदलला तरी पृष्ठताण लक्षात येण्याइतका पडतो. श्यानतेला त्याचा पत्ताही लागत नाही.

ओतारी:
बाई, हे आमच्या वेल्डरला विचारा! स्टेनलेसचे दोन लॉट, ग्रेड एकच, सर्टिफिकेट दोन्हीची स्वच्छ. एकाचा वेल्ड खोल शिरतो, दुसऱ्याचा पसरट होऊन वरवर राहतो. करंट तोच, हात तोच. शेवटी बघितलं तर एका लॉटमध्ये गंधक फारच कमी. कमी गंधक म्हणजे माल चांगला असंच आम्ही धरून चाललो होतो.

भौतिकीबाई:
अगदी तेच. गंधक असेल तर पृष्ठताण तापमानाबरोबर वाढतो, वितळलेलं तळं मध्यभागी खेचलं जातं आणि उष्णता खाली जाते. गंधक नसेल तर उलट, सगळं कडेकडे पळतं.

शंकासुर:
हां, हे पटलं. खर्चाचं अजून पटलेलं नाही, पण चालू द्या.

सातपुडा:
शेवटचा प्रश्न. ते मटार परत आणतात की तिथंच टाकून देतात?

राईनकाठी:
परत आणतात, अख्खी कुपीच. आल्यावर पहिलं काम वजन. श्यानतेच्या हिशेबात गोळीचं वस्तुमान लागतं, आणि मँगेनीज किंवा क्रोमियम असलेला मिश्रधातू तापवताना वाफ सोडतो. ती वाफ वेटोळ्यावर जाऊन बसते, म्हणून प्रत्येक नमुन्याला किती बाष्प सोडायची मुभा आहे तेही आधी ठरलेलं असतं. मुभा संपली की तो नमुना बंद, मोजमाप अर्धं राहिलं तरी.

ओतारी:
मग भागाकारात वजन कुठलं धरायचं, उडायच्या आधीचं की नंतरचं? आणि क्रोमियम गेलं म्हणजे ग्रेडच बदलला की.

राईनकाठी:
वजन दोन टोकांना माहीत असतं. मधल्या प्रत्येक ठोक्याच्या वेळी किती उडालं असेल ते त्या घटकाच्या बाष्पदाबावरून आणि गोळी किती वेळ किती तापमानाला होती यावरून काढतात. ग्रेडचं म्हणाल तर गोळी कापून आतल्या घटकांचं प्रमाण तपासतात. जास्त बदल निघाला तर शेवटचे ठोके गाळून फक्त सुरुवातीचे छापतात. तुमच्या मिश्रधातूत क्रोमियम किती आहे? ग्रेड न सांगता नुसते घटक टाका, कुणी मोजलाय का ते बघते.